कांद्याची घट: 8 टक्के की 40?

कांद्याच्या पुरवठा साखळीवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा, पहिल्या दोन पानांत नासाडीचा आकडा येतोच. पंचाईत अशी, की तो दर निबंधात वेगळा असतो. लुधियानाच्या सीफेट या केंद्रीय संस्थेने 2015 साली देशभरातल्या काढणीनंतरच्या नुकसानीचा अहवाल दिला, त्यात कांद्याचं नुकसान 8.20 टक्के आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड, निफाड, येवला भागात कुठल्याही चाळीपाशी, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडपाशी, उभं राहून विचारलं, तर 30 ते 40 टक्के ऐकू येतं, पाऊसपाणी वाईट असेल तर त्याहून जास्त. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे शास्त्रज्ञही पारंपरिक साठवणुकीबद्दल याच पट्ट्यातले आकडे देतात. मग निबंध लिहिणारा आपल्या युक्तिवादाला सोयीचा आकडा उचलतो. शीतगृह हवं असेल तर 40, सगळं आलबेल दाखवायचं असेल तर 8.

दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिला देशभरातल्या मालाची सरासरी सांगतो. त्यात काढल्या काढल्या विकला जाणारा, पावसाळी लागवडीचा लाल कांदा आहे, आठवड्याच्या आत ताटात पोचणारा माल आहे आणि चाळीतलाही आहे. दुसरा आकडा फक्त चाळीत चार-पाच महिने पडून राहिलेल्या उन्हाळ, म्हणजे उन्हाळ्यात काढून साठवलेल्या कांद्याचा. त्यातही भरताना किती भरला आणि काढताना किती निघाला, एवढाच हिशोब. वाळून कमी झालेलं वजन त्यात आहे, सडका माल आहे, कोंब आलेलाही आहे. पाणी उडून हलका झालेला कांदा खाण्यालायक असतो, त्याला नासाडी म्हणायचं की नाही, हे दर संशोधक आपलं आपण ठरवतो आणि बहुतेक वेळा लिहीत नाही. शेतकऱ्याला मात्र तो फरक पडत नाही. त्याला पैसे क्विंटलवर मिळतात.

व्यवस्थापनशास्त्रातली साठ्याची गणितं मुळात न हलणाऱ्या मालासाठी जन्माला आली. फोर्ड हॅरिसने 1913 साली एका खेपेला किती माल मागवावा याचं सूत्र मांडलं. त्यात गोदामात ठेवलेली वस्तू सहा महिन्यांनी काढली तरी तेवढीच आणि तशीच निघते. खिळे, बोल्ट, सुटे भाग असतील तर ठीकच. पुढे 1963 साली घारे आणि श्रेडर यांनी आपोआप घटत जाणाऱ्या साठ्याचं गणित दिलं: रोज उरलेल्या मालाचा ठरावीक हिस्सा कमी होत जातो. फळं-भाज्यांवरच्या असंख्य निबंधांचा पाया आजही हाच आहे. कांद्याला हे लावायचं तर पाच महिन्यांत 30 टक्के घट म्हणजे महिन्याला साधारण 7 टक्के, असा एकच दर बसवायचा आणि संगणकाला विचारायचं, की विकू कधी?

पण चाळीतला कांदा असा एका चालीने घटत नाही. मे महिन्यात तो वाळतो. हवा कोरडी, ऊन कडक, वजन भराभर उतरतं, पण माल खराब होत नाही. जून उजाडला, हवेत दमटपणा चढला की वाळणं मंदावतं आणि सड सुरू होते. ज्या कांद्याची मान, म्हणजे पात जिथून निघते तो भाग, नीट मिटली नाही तो आधी जातो. वरच्या पापुद्र्याखाली काजळी धरते, ती काळ्या बुरशीची. मऊ होऊन पाणी सुटलेला एक कांदा शेजारच्या चार-सहांना घेऊन बसतो. सप्टेंबरअखेर रात्री गार होऊ लागल्या आणि कांद्याची सुप्तावस्था संपत आली की कोंब डोकावतात. घट एकच दिसत असली तरी कारणं तीन, त्यांचे महिने तीन आणि उपायही तीन वेगळे. एकाच दराच्या गणिताला जुलैचा दुसरा आठवडा आणि मेचा दुसरा आठवडा सारखाच. चाळवाल्याला विचारा, मेमध्ये तो निवांत झोपतो आणि जुलैत रोज चाळीच्या बाजूने फिरत वास घेतो.

या घटीची मुळं चाळीत शोधायची खोडही संशोधनाला फार आहे. चाळीत कांदा जातो तेव्हा त्याचं निम्मं भवितव्य ठरलेलं असतं. युरियाचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर दोन महिन्यांच्या पुढे गेला असेल तर मान जाड राहते आणि जाड मानेचा कांदा टिकत नाही. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायला हवं. तेव्हा विहिरीला पाणी असलं तर हात आवरत नाही, कारण शेवटच्या पाण्याने कांदा फुगतो आणि वजन भरतं. शेतातल्या साधारण निम्म्या पातींनी माना टाकल्या की काढणी करायची. उपटलेला कांदा तीन-चार दिवस शेतातच, पुढच्या ओळीच्या पातीने मागच्या ओळीचे कांदे झाकतील असा अंथरायचा. मग पात कापताना मानेला पीळ देऊन दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवायची आणि सावलीत दहा-बारा दिवस ढीग लावून सुकवायचा. सगळं पुस्तकात आहे, शेतकऱ्यालाही तोंडपाठ आहे.

बिघडतं ते मजुरीपाशी. काढणी-कापणीचं काम बहुधा उक्तं दिलेलं असतं, एकरावर. एकरावर पैसे घेणारी टोळी दिवसाला जास्तीत जास्त एकर उरकणार, आणि घाईत विळा कांद्याला चिकटून फिरतो. मान राहतच नाही. ती उघडी जखम म्हणजे बुरशीला आणि जिवाणूंना दार. त्यात आभाळ भरून आलं तर सावलीतले दहा दिवस तीनवर येतात आणि ओलसर मानेचा कांदा थेट चाळीत पडतो. पुढे ऑगस्टमध्ये जी 15 टक्के जादा सड निघते, ती निबंधात ‘अपुऱ्या साठवण सुविधां’च्या नावावर जमा होते. एप्रिलमधल्या त्या विळ्याचा रकाना प्रश्नावलीत नसतोच.

आता चाळ. 25 टनांच्या दुपाखी, म्हणजे दोन रांगांच्या, चाळीची मापं पाहा: लांबी 40 फूट, मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना 4 फूट रुंदीचा एकेक कप्पा, कांद्याचा थर 5 फूट. दोन्ही कप्पे मिळून 1600 घनफूट, म्हणजे 45 घनमीटरच्या थोडं वर. एका घनमीटरात कांदा साधारण साडेपाच क्विंटल मावतो, म्हणजे 25 टन झाले. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला आणि फटींचा, म्हणजे खालून वारा शिरेल. बाजूंना फटी. छपराला सिमेंटचे पत्रे बरे, लोखंडी पत्र्याखाली वरचा थर भाजून निघतो. एकपाखी, म्हणजे एकाच रांगेची, चाळ दक्षिणोत्तर बांधतात, पश्चिमेचा वारा तिच्या लांब बाजूवर आदळून आरपार जातो. दुपाखी पूर्व-पश्चिम.

कांदा चाळीत श्वास घेत असतो. त्यातून ऊब निघते, ओल निघते. दोन्ही बाहेर गेली पाहिजेत, म्हणून 4 फुटांची रुंदी आणि 5 फुटांची उंची. वारा ढिगाच्या पोटापर्यंत पोचावा आणि तळच्या कांद्यावर फार भार पडू नये, एवढाच त्या मापांचा अर्थ. भाव पडलेल्या वर्षी हाच नियम पहिला मोडतो. विकायचं नाही, ठेवायला जागा नाही, म्हणून 5 फुटांचा थर 7 फुटांवर जातो, बोळातही कांदा ओततात. चाळीची क्षमता कागदावर 25 टन, आत 35. मधला थर गुदमरतो, तळचा दबतो. ज्या वर्षी साठा सर्वांत मोठा, त्याच वर्षी घटीचा दरही सर्वांत मोठा. म्हणजे घट ही साठ्याच्या आकारावरच अवलंबून आहे. हे एवढं समीकरणात घातलं तरी निबंधाचं उत्तर बदलेल.

मोजायचं कसं, यावर थोडं रेंगाळायला हवं, कारण आकड्यांचा घोळ इथेच होतो. रूढ पद्धत अशी: भरताना 10-10 किलो कांदा जाळीच्या पिशव्यांत वजन करून भरायचा, खूण बांधायची आणि पिशव्या ढिगात तीन उंचीवर पुरायच्या. तळाशी, मधोमध आणि वर. दर महिन्याला काढून वजन करायचं, सडके आणि कोंबाचे वेगळे मोजायचे, उरलेली तूट वाळण्याच्या खात्यात टाकायची. ऐकायला चोख वाटतं. प्रत्यक्षात मधली पिशवी काढायची तर ढीग उकरावा लागतो, आणि उकरलेल्या जागी वारा खेळू लागतो. म्हणून ती पिशवी शेजारच्या कांद्यापेक्षा बरी राहते. दर महिन्याला पिशवीतला सडका कांदा वेचून बाहेर काढला, तर सडीचा प्रसारही थांबवला. म्हणजे आपण चाळीतली घट न मोजता निवडलेल्या कांद्याची घट मोजत बसलो. यावर उतारा आहे, फक्त पिशव्या जास्त लागतात: पाच महिन्यांसाठी प्रत्येक उंचीवर पाच वेगळ्या पिशव्या, दर महिन्याला एकच काढायची, काढलेली परत ठेवायची नाही. अशा तीन जागा धरल्या तर एका चाळीला 45 पिशव्या, साडेचार क्विंटल. एवढा माल प्रयोगाला द्यायला शेतकरी का तयार होईल, याचं उत्तर संशोधन प्रस्तावाच्या खर्चाच्या तक्त्यात असायला हवं.

दुसरी पद्धत प्रश्नावलीची, एमबीए आणि पीएचडीवाल्यांची लाडकी. ‘भरला किती, निघाला किती?’ भरला तो ट्रॉलीने भरलेला असतो, काट्यावर वजन न करता. निघाला तो मात्र बाजार समितीच्या पावतीवर क्विंटलमध्ये. एक बाजू अंदाजाची, दुसरी छापील, आणि वजाबाकीला दोन दशांश. त्याहून मोठी गडबड वेळेची आहे. सर्वेक्षण ऑक्टोबरात झालं तर चाळीत कांदा शिल्लक असलेलेच शेतकरी भेटतात. ज्यांचा माल जुलैतच सडायला लागला त्यांनी तो तेव्हाच मिळेल त्या भावाने काढून टाकला, चाळ धुऊन मोकळी केली. ते नमुन्यात आलेच नाहीत. मग निष्कर्ष निघतो, की ऑक्टोबरपर्यंत थांबणाऱ्याला फायदा होतो. थांबू शकला त्यालाच विचारलं होतं!

थांबण्याची किंमत कागदावर मांडून पाहू. आकडे नमुन्यादाखल. मेमध्ये 100 क्विंटल, भाव 1200. तेव्हाच विकला असता तर 1,20,000. ठेवला आणि ऑक्टोबरात 70 क्विंटल निघाला. सोसायटीचं किंवा सावकाराचं व्याज राहू द्या, पैसा अडकला म्हणून वर्षाला 12 टक्के धरले तरी पाच महिन्यांचे 6,000. चाळीची झीज, भरणी, दोनदा निवडणी आणि पुन्हा ट्रॉली भरायची मजुरी मिळून 10,000 धरा. 1,36,000 भागिले 70: क्विंटलला 1943 रुपये मिळाले तर मेएवढेच पैसे हातात. भाव 60 टक्क्यांहून जास्त चढला तरी शेतकरी जागच्या जागीच. वर्तमानपत्रात मात्र मथळा येतो, ‘कांदा 1900 वर, उत्पादकांना दिलासा’.

शिवाय हा 1943 सगळ्या 70 क्विंटलला मिळायला हवा. तसा मिळत नाही. ऑक्टोबरातल्या ट्रॉलीत गोल्टी, म्हणजे बारीक कांदा असतो, पत्ती (वरचं साल) सुटलेला माल असतो, कोंबाची चाहूल लागलेला असतो. लिलावात व्यापारी ट्रॉलीच्या कडेला उभं राहून वरचा माल पाहतो, मुठीत दोन कांदे दाबतो आणि बोली लावतो. गाडी भुईकाट्यावर जाते, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवून निवडायच्या आवारात, रिकामी होते. तळाचा माल वरच्यासारखा निघाला नाही तर खळ्यावर भाव तुटतो आणि तो तुटलेला भाव समितीच्या फळ्यावर येतोच असं नाही. फळ्यावर किमान, कमाल आणि सरासरी असे तीन दर. ती सरासरी वजनाने काढलेली नसते, ढोबळमानाने बहुतेक मालाला जो दर मिळाला तो असतो. संशोधक दहा-पंधरा वर्षांची ही मालिका उतरवून घेतात, तिच्यावर भावाच्या अंदाजाची झकास प्रतिमानं चालवतात. प्रतिमान वाईट नसतं. त्यातला मेचा कांदा आणि ऑक्टोबरचा कांदा एकाच प्रतीचा धरलेला असतो, हे वाईट.

विकिरणाबद्दल, म्हणजे कोंब येऊ नयेत म्हणून कांद्यावर किरणांचा मारा करण्याबद्दल, दर दोन-तीन वर्षांनी उत्साहाची लाट येते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राचं केंद्र या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. साधारण 60 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) एवढी मात्रा कोंब रोखायला पुरते, आणि ती कांदा सुप्तावस्थेत असतानाच, काढणीनंतर थोड्या आठवड्यांत द्यावी लागते. ती सड थांबवत नाही आणि वाळणंही थांबवत नाही. वाळणं, सड आणि कोंब या वरच्या तीन कारणांतलं शेवटचं तेवढं आवरते. बदल्यात एक जादा भरणी, एक उतराई आणि एक प्रवास, आणि दर आदळआपटीला कांद्याला मार. शीतगृहाचंही तसंच. शून्य ते दोन अंशांवर कांदा छान झोपतो, बाहेर काढला की घाम फुटतो आणि कोंब धावत येतो. दहा ते वीस अंशांच्या पट्ट्यात कोंब सर्वांत जोमाने येतात, त्यामुळे अर्धवट गार ठेवणं हे न ठेवण्याहून वाईट. वीजबिलाचं तर बोलायलाच नको.

आता साखळीचं दुसरं टोक. ली, पद्मनाभन आणि वांग या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवून दिलं, की ग्राहकाच्या मागणीतली लहानशी चढउतार दुकानातून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तिथून कारखान्याकडे सरकताना मोठी होत जाते. कांद्यावर हे जसंच्या तसं चिकटवलेले प्रबंध पुष्कळ आहेत. पण कांदा खाणाऱ्याची मागणी वर्षभर जवळपास सपाट असते. हेलकावा येतो तो पुरवठ्यातून आणि अधिसूचनांतून. तारखा पाहा. निर्यातबंदी 29 सप्टेंबर 2019. पुन्हा 14 सप्टेंबर 2020. निर्यातीवर 40 टक्के शुल्क 19 ऑगस्ट 2023, आणि त्याच वर्षी डिसेंबरात बंदी. सगळ्या तारखा ऑगस्ट ते डिसेंबर, म्हणजे चाळी फोडायच्या, साठवलेला कांदा बाहेर काढायच्या दिवसांतल्या. बंदी उठली ती 4 मे 2024 रोजी, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य (याहून स्वस्त निर्यात करायची नाही) आणि 40 टक्के शुल्कासह, आणि त्या दिवसांत नाशिक जिल्ह्यात चाळी भरायचं काम चालू असतं.

म्हणून चाळवाल्याचा निर्णय भाव पाहून होत नाही. पाच महिन्यांत दिल्लीत काय होईल याची अटकळ, आणि आत कांदा किती टिकेल याची अटकळ, अशा दोन अनिश्चिततांचा तो गुणाकार आहे. पहिली वाढली की माणूस माल लवकर काढतो. अफवा पसरली की लासलगाव, पिंपळगाव, उमराण्याच्या आवारात ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि भाव त्याच दुपारी उतरतो. माल महिना-दीड महिना आधीच संपतो, आणि लाल कांदा यायच्या आत शहरात टंचाई पडते. जी टंचाई टाळायला अधिसूचना निघाली, ती अधिसूचनेनेच अलीकडे ओढली. हे तपासायला फार मोठं यंत्र लागत नाही. समितीतली रोजची आवक आणि अधिसूचनांच्या तारखा शेजारी ठेवायच्या.

साठा मर्यादेचंही तसंच. ऑक्टोबर 2020 मध्ये घाऊक व्यापाऱ्याला 25 टन आणि किरकोळ विक्रेत्याला 2 टन अशी मर्यादा आली. एक मोठा ट्रक भरला की 25 टन झाले. खळ्यावर आजचा माल निवडून बारदानात भरायचा, कालचा लादायचा आणि परवाचा वाटेत, एवढं चालू ठेवणारा व्यापारी त्या मर्यादेत लिलावाला उभाच राहू शकत नाही. साठेबाज आणि वाटेतला माल यांत फरक कसा करायचा, हा साखळीशास्त्राचा खास आपला प्रश्न होता. त्यावर एखादं साधं सूत्र देता आलं असतं: रोजच्या खरेदीच्या किती पट माल खळ्यावर असला तर तो चालता, आणि किती पटीनंतर तो साठा.

वाहतुकीवर निबंध उदंड आहेत, म्हणून इथे थोडक्यात. 7 ऑगस्ट 2020 ला देवळाली-दानापूर ही शेतमाल नेणारी पहिली किसान रेल्वे सुटली. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारच्या बफर (राखीव) साठ्यातला 1600 टन कांदा मालगाडीने दिल्लीच्या किशनगंज स्थानकात उतरला. 1600 टन म्हणजे 25 टनांच्या 64 भरलेल्या चाळी एका गाडीत, आणि घट धरली तर मेमधल्या नव्वदेक चाळी. भाडं ट्रकपेक्षा कमी पडतं, पण बंद वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, वारा नाही. चाळीत ज्या कांद्याला पाचही बाजूंनी हवा लागत होती, तो पोत्यांच्या थप्पीत पत्र्याआड बसतो. वाघीण यार्डात एक दिवस जास्त थांबली तर मधल्या पोत्यांतून पाणी गळतं. प्रवासाचे सरासरी तास इथे उपयोगाचे नाहीत. सर्वांत उशिरा पोचलेली गाडी किती उशिरा पोचली, ते हवं.

यंदा कुणी या विषयावर प्रबंध घेत असेल तर प्रश्नावलीत पाच रकाने वाढवावेत. शेवटच्या पाण्याची तारीख. पात कापणीची मजुरी उक्ती की रोजाची. चाळीत थराची खरी उंची, फुटात, टेप लावून. खळ्यावर तुटलेला भाव. आणि चाळ पहिल्यांदा फोडली ती तारीख, त्या दिवशी का फोडली याच्या एका ओळीसह. वास आला म्हणून, लग्न होतं म्हणून, की बातमी ऐकली म्हणून. शेतकऱ्याला ही तारीख वर्षानुवर्षं आठवते, आणि सर्वेक्षण जुलैत एकदा, ऑक्टोबरात एकदा असं दोनदा केलं तर चाळ रिकामी करून बसलेलेही नमुन्यात येतील.